सर्कशीचा पत्ता काय?

मॉस्को शहरात त्स्वेत्नॉय बुलेवार नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर सर्कस आहे. ‘आलेली’ नाही, ‘आहे’. १८८० सालच्या ऑक्टोबर महिन्यात आल्बेर्त सालामोन्स्की नावाच्या घोडेस्वाराने ती पक्क्या इमारतीत सुरू केली. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. झारशाही गेली, क्रांती झाली, दोन महायुद्धे झाली, सोव्हिएत संघ मोडला. पण सर्कशीचा पत्ता बदलला नाही.

गंमत अशी की, आपल्या देशातल्या सर्कशीचे जन्मवर्षही १८८० हेच मानले जाते. आणि तो जन्म झाला आपल्या मराठी मुलखात. म्हणजे मॉस्कोची ही सर्कस आणि आपली सर्कस एकाच वयाच्या. एकीला शहराने घर दिले. दुसरी अजून पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरते आहे. मॉस्कोसारखी, शहराने आपली मानलेली, कायमची पक्की सर्कस आपल्याकडे उभी राहिली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हा नुसत्या करमणुकीचा प्रश्न आहे असे समजू नका. ज्याला पक्के घर नाही त्याला पत्ता नाही आणि ज्याला पत्ता नाही त्याला या देशात किती अडचणी येतात, हे आपल्या वस्त्यांतल्या माणसांना वेगळे सांगायला नको. म्हणून सर्कशीचा हा इतिहास आम्ही पत्त्याच्या बाजूने सांगणार आहोत.

गोल रिंगणाचे कारण

सर्कस गोल का असते, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर घोड्यात आहे. फिलिप ॲस्टली हा इंग्लंडच्या घोडदळातला निवृत्त सैनिक. त्याने १७६८ साली लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ दाखवायला सुरुवात केली. घोडा गोल रिंगणात एका चालीने पळत राहिला की पाठीवर उभा राहिलेला स्वार आतल्या बाजूला थोडा झुकतो आणि त्याचा तोल सांभाळला जातो. रिंगण फार लहान असले तर घोड्याला पळता येत नाही, फार मोठे असले तर तोलाचा फायदा मिळत नाही. अनुभवाने हे माप ४२ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर, ठरले. आजही जगभर सर्कशीचे रिंगण साधारण याच मापाचे असते. घोडे गेले तरी माप राहिले.

युरोपात थंडी कडाक्याची. हिवाळ्यात उघड्यावर खेळ होऊ शकत नाहीत. म्हणून तिथे सर्कशीसाठी इमारती झाल्या. पॅरिसची ‘हिवाळी सर्कस’ १८५२ साली उघडली आणि ती इमारत आजही वापरात आहे. याच इमारतीत १८५९ साली ज्यूल लिओतार नावाच्या तरुणाने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर हवेत झेप घेण्याचा खेळ पहिल्यांदा लोकांना दाखवला. आज ज्या खेळाशिवाय सर्कस पुरी होत नाही तो हवेतल्या झुल्यांचा खेळ पक्क्या छपराखाली जन्मला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. छप्पर पक्के असले की कड्या पक्क्या बसतात, रोज त्याच जागी सराव होतो, आणि मग माणसाला नवे काही करून पाहण्याचे धाडस होते. ज्याला दर महिन्याला खांब उपटायचे आहेत, त्याचा निम्मा जीव खांबातच जातो.

कुरुंदवाडचे विष्णुपंत

आता आपल्याकडे येऊ. विष्णुपंत छत्रे हे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांचे शिक्षक म्हणून ते नोकरीला होते. माणूस हौशी. गाणे शिकायला ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांपर्यंत गेलेला, आणि घोडे शिकवण्यात तर हातखंडा. पुढे हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ यांना विष्णुपंतांनीच सांभाळले. त्यांचे गाणे सर्कशीबरोबर गावोगाव पोचले आणि त्यांनी अखेरचा श्वासही कुरुंदवाडातच घेतला.

त्या काळी चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदुस्थानी लोकांना असली सर्कस काढणे जमणार नाही, असे त्याने बोलून दाखवले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागले असेल, पण थोड्याच काळात विष्णुपंतांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली ही गोष्ट खरी. साहेबाच्या राज्यात साहेबाचा खेळ देशी माणसांनी करून दाखवला, याचे लोकांना मोठे अप्रूप वाटले. पाठोपाठ सांगलीचे कार्लेकर, म्हैसाळचे देवल यांच्या सर्कशी निघाल्या. कृष्णाकाठचा हा टापू देशातल्या सर्कशीचे माहेरघर झाला.

पण माहेरी घर मात्र कोणी बांधले नाही. त्याची कारणे आहेत. पाऊसकाळ सोडला तर आपल्या हवेत तंबूत भागते. रेल्वे नुकतीच सगळीकडे पोचली होती. वाघिणीत तंबू, घोडे, वाघ, माणसे भरली की आठ दिवसांत दुसरा मुलूख. एका गावचे प्रेक्षक संपले की पुढचे गाव, हाच धंद्याचा हिशेब होता. मालकाला तो परवडला. मालकाचा वाडा सांगलीला, मिरजेला होताच. घर नव्हते ते झुल्यावर चढणाऱ्या पोराला आणि दोर ओढणाऱ्या गड्याला.

ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सर्कशीचा तंबू आणि तिकीट विलायतेहून आले, पण कसरत काही विलायतेहून आली नाही. दोन बांबूंच्या कैच्या रोवायच्या, मध्ये दोर ताणायचा, आणि ढोलकीच्या तालावर हातात आडवी काठी धरून सात-आठ वर्षांच्या पोरीने त्या दोरावरून चालायचे, हा डोंबाऱ्याचा खेळ आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. डोंबारी आणि कोल्हाटी समाजाच्या बायाबापड्यांनी उलट्या कोलांट्या, बांबूवरचा तोल, लोखंडी कडीतून अंग काढणे हे सगळे सर्कशीच्या कितीतरी आधी केले. त्यांना ना मैदान, ना छप्पर, ना जाळी. खाली फुफाटा आणि समोर मोडकी थाळी.

सर्कशीच्या इतिहासात मालकांची नावे ठळक आहेत. ज्यांच्या अंगात ही विद्या पिढीजात होती त्यांची नावे शोधावी लागतात, आणि बहुधा सापडत नाहीत. भांडवल ज्याच्याकडे, इतिहास त्याच्याकडे. अन्याय एवढ्यावर थांबत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरत्या जमातींकडे चोर म्हणून पाहायची सवयच सरकारी यंत्रणेला लावली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर मात्र रद्द झाली नाही. १९५९ साली मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून किंवा खेळ करून पैसे घेणे हेही त्यात भिकेच्या व्याख्येत घातले आहे. म्हणजे पाहा, तंबूत तिकीट लावून मारलेली कोलांटी ही कला, आणि तीच कोलांटी चौकात मारली तर भीक, गुन्हा! २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. गरिबी हा गुन्हा होऊ शकत नाही, हे न्यायालयाला सांगावे लागले.

तेलिचेरीची शाळा

विष्णुपंतांची सर्कस फिरत फिरत केरळातल्या तेलिचेरीला, म्हणजे आजच्या तलश्शेरीला, गेली. तिथे कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. दोघांची गाठ पडली आणि एक व्यवहार ठरला: कुञ्ञिकण्णन यांनी मुलांना कसरत शिकवायची आणि विष्णुपंतांनी तयार मुलांना काम द्यायचे. १९०१ साली कुञ्ञिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिराक्करा इथे सर्कशीची शाळा काढली. त्या शाळेतून निघालेल्यांनी पुढे देशभर सर्कशी काढल्या. आज भारतातली सर्कस म्हटली की केरळचे नाव पहिले येते, ते या शाळेमुळे.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा धडा हा आहे. सर्कशीचा जन्म महाराष्ट्राने दिला, पण शाळा केरळने काढली. जिथे शाळा निघाली तिथे ती विद्या टिकली. जिथे फक्त मालक होते, तिथे मालकांबरोबर ती संपत गेली. आमच्या वाचकांना शिक्षणाचे महत्त्व नव्याने सांगायला नको, पण उदाहरण म्हणून हे मुलांना जरूर सांगावे.

पुण्याचा दामू धोत्रे

आपल्या पुण्याच्या मातीतून आलेला एक माणूस मात्र जगाच्या सर्कशीत पहिल्या रांगेत बसला. दामू धोत्रे हे त्यांचे नाव. जन्म १९०२ सालचा, घर गरिबीचे. मामा तुकाराम शेलार यांची सर्कस होती. तिथे लहानपणीच दामूने कसरती शिकल्या, सायकल शिकली, आणि वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात पाऊल टाकले. पुढे ते परदेशी सर्कशींबरोबर फिरले. १९३९ साली ते फ्रान्सला गेले आणि १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या सर्कशीत रिंगमास्टर म्हणून उभे राहिले. उघडे अंग, डोक्याला फेटा, आणि भोवती बिबटे. जनावराला मारून नव्हे, त्याचा स्वभाव ओळखून शिकवायचे, ही त्यांची पद्धत होती. महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातही होते. अखेरीस ते पुण्याला परतले आणि १९७३ साली इथेच वारले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या पुस्तकात त्यांची कहाणी आहे. वस्तीतल्या वाचनालयात हे पुस्तक असायला हवे.

अशा माणसाने पुण्यात परतल्यावर आपली विद्या कुठे शिकवायची? शाळा नव्हती, इमारत नव्हती. एक माणूस जगभर फिरून जे शिकला ते त्याच्याबरोबर गेले. पत्ता नसण्याचा तोटा असा कलावंताचाही असतो आणि शहराचाही असतो.

सरकारने घर दिले तेव्हा

मॉस्कोच्या सर्कशीकडे पुन्हा एकदा वळू. १९१९ साली नव्या सरकारने ती खाजगी मालकीतून काढून राष्ट्राच्या मालकीची केली. १९२७ साली मॉस्कोत सर्कशीची सरकारी शाळा निघाली, जगात अशी पहिलीच. पुढे त्या देशातल्या शहराशहरांत पक्क्या सर्कशी झाल्या. कलावंत एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा, पण तंबू वाहून न्यायचा नाही. दुसऱ्या शहरातही त्याची वाट पाहणारी इमारत असायची. तो पगारी नोकर, ठरावीक वर्षे काम झाले की पेन्शन. १९७१ साली मॉस्कोत दुसरी, आणखी मोठी सर्कस उघडली. तीन हजारांवर माणसे बसतील एवढी. त्स्वेत्नॉय बुलेवारची जुनी इमारत १९८५ साली पाडली आणि १९८९ साली त्याच जागी नवी उभी केली. हे काम पुढे होऊन करून घेणारा माणूस कोण? युरी निकुलिन, सर्कशीतला विदूषक! युद्धात लढलेला सैनिक, नंतर जोकर, आणि १९८३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, त्या सर्कशीचा प्रमुख. सर्कशीला आता त्याचेच नाव आहे. आपल्याकडे जोकर सर्कशीचा प्रमुख झाला, अशी कल्पना तरी करता येते का?

चीनचे उदाहरण आपल्याला याहून जवळचे आहे. तिथेही रस्त्यावर कसरत करणारी घराणी होती, तितकीच गरीब आणि तितकीच तुच्छ मानलेली. १९५० साली सरकारने राष्ट्रीय कसरत पथक काढले. चौकात थाळी फिरवणारी माणसे रंगमंचावर आली, त्यांची पोरे प्रशिक्षणशाळांत गेली. आमच्या डोंबाऱ्यांना १९५० नंतर काय मिळाले? भटक्या जमातींच्या यादीत नाव आणि १९५९ चा कायदा.

त्या राजवटींत सगळे गोड होते असे आमचे म्हणणे नाही. पण कष्टकऱ्याची कला ही समाजाची मालमत्ता आहे आणि तिला छप्पर देणे हे सरकारचे काम आहे, एवढे तरी त्यांनी मानले.

दोन चांगले कायदे आणि एक राहिलेले काम

आपल्याकडे सर्कशीच्या बाबतीत सरकार आले ते मुख्यतः बंदी घेऊन. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबटा यांचे खेळ बंद करण्याचा आदेश १९९८ सालचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दहा-दहा तास पिंजऱ्यात कोंडलेल्या मुक्या जिवाची सुटका झाली, हे योग्यच झाले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला लावण्यास बंदी केली. नेपाळ आणि आपल्याच देशातल्या गरीब जिल्ह्यांतून आईबापांच्या हातावर थोडे पैसे टेकवून आणलेल्या मुली वर्षानुवर्षे तंबूत अडकून पडत होत्या. त्यांच्यावर अत्याचार होत होते. हा निकाल आम्ही मनापासून चांगला मानतो. पोटच्या पोरीला दोरावर चालवून कोणतीही कला जगवायची नाही.

पण वाघाला जंगली जनावरांच्या आश्रयकेंद्रात जागा शोधली गेली, तशी वाघामागे उभे राहणाऱ्या गड्याला कोणी शोधली का? मुलांना बाहेर काढले, ते बरे झाले. पण मोठ्या वयाच्या माणसांनी ही विद्या कुठे शिकायची? केरळ सरकारने २०१० साली तलश्शेरीला सर्कस अकादमी काढली. ती काही वर्षांतच बंद पडली. जुन्या सर्कस कलावंतांना पेन्शन देण्याची योजना मात्र केरळने केली. महाराष्ट्रात, जिथे सर्कस जन्मली तिथे, सर्कशीची एक शाळा निघालेली नाही.

पत्त्याचा रकाना

मध्यंतरी हडपसरच्या बाजूला एक तंबू लागला होता. वस्तीतली वीस-बावीस मुले घेऊन आम्ही खेळाला गेलो. खेळ झाल्यावर मुले जोकरभोवती जमली आणि आम्ही मागच्या बाजूला, जिथे राहुट्या असतात तिथे, चहा घेत बसलो. दोर बांधणारा एक माणूस भेटला. बिहारकडचा, पन्नाशीला आलेला, पंचवीस वर्षे तंबूबरोबर फिरणारा. खांब कुठे रोवायचा, दोराला किती ताण द्यायचा, हे तो नुसत्या हाताने सांगतो. वरची पोरे हवेत झेप घेतात ती त्याच्या गाठीवर भरवसा ठेवून. आम्ही कारकून माणसे, कागद पाहिला की हात पुढे होतो. त्याच्याजवळ असंघटित कामगारांच्या नोंदणीचा कागद होता. आम्ही म्हटले, भरून देतो. नाव लिहिले, वय लिहिले, काम लिहिले. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यापाशी थांबलो.

मोडक्या मराठीत तो म्हणाला, ‘साहेब, या महिन्याचा लिहू का पुढच्या महिन्याचा?’

शेजारी एक बाई झग्याला टिकल्या लावत बसली होती. ती हसली. तीही लहानपणी तंबूत आलेली, झुल्यावर वाढलेली. खांदा निखळल्यापासून शिवणकाम करते. तिची मुलगी दूर वसतिगृहात राहून शिकते. आम्ही विचारले, ‘ताई, मतदान करता का?’ ती म्हणाली, ‘नाव गावच्या यादीत आहे, दादा. मत द्यायला गेले तर चार दिवसांची मजुरी जाते.’

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. कामगाराच्या हक्काला कारखान्याच्या दाराशी सुरुवात झाली, कारण कारखाना जागेवर उभा होता. तिथे निरीक्षक जाऊ शकत होता, युनियन उभी राहू शकत होती. तंबू निघून जातो, आणि त्याच्याबरोबर हजेरीही निघून जाते.

मैदान राहिले कुठे?

तंबू लावायचा तर मोकळे मैदान लागते. आमच्या मांजरीकडे, हडपसरकडे नजर टाकली तर कळते. मगरपट्टा, अमनोरा ही आजची झगमगीत नगरे काल-परवापर्यंत शेते होती. २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत आली. इमारती वर चालल्या, मोकळी जागा आक्रसत चालली. जी उरली तिचे भाडे बिल्डरच्या दराने मागितले जाते.

साधा जमाखर्च मांडून पाहा. मैदानाचे भाडे आणि अनामत, पोलिसांची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, वीज, पाणी, जनरेटरचे डिझेल, शंभर-सव्वाशे माणसांचा दोन वेळचा शिधा. हा खर्च खेळ झाला तरी होतो, पावसाने बुडाला तरी होतो. जमेच्या बाजूला फक्त तिकीट. २०१८ साली सर्कशीच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट मिळाली, ती चांगली झाली. पण तिकीट वाढवले तर आपल्यासारखी माणसे येत नाहीत, न वाढवले तर गडी उपाशी राहतो.

करोनाच्या काळात हे उघडे पडले. पुण्यात १९९१ साली पी. टी. दिलीप यांनी उभी केलेली रॅम्बो सर्कस २०२० च्या मार्चमध्ये नवी मुंबईत ऐरोलीला होती. टाळेबंदी लागली आणि तंबू तिथेच अडकला. खेळ बंद, जमा शून्य, तोंडे मात्र तेवढीच. लोकांनी धान्य पोचवले म्हणून दिवस निघाले. त्याच सप्टेंबरात त्या कलावंतांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ करून तो तिकीट लावून घरोघरच्या मोबाइलवर दाखवला. किती जिद्दीची माणसे! पण जिद्दीवर एखादा महिना निघतो, आयुष्य निघत नाही.

आमचे मागणे

सर्कस मेली तर मरू द्या, मुले मोबाइल पाहतात, असे म्हणणारे आहेत. पण नाटकाला महापालिकेने नाट्यगृहे बांधली. क्रिकेटला स्टेडियम दिले. कुस्तीला तालमी दिल्या, तेही बरोबरच केले. मग ज्या खेळात गरिबाचे पोर पैसे देऊन बसते आणि गरिबाचेच पोर वर झुल्यावर असते, त्याच खेळाला छप्पर का नको?

आमचे मागणे फार मोठे नाही. पुणे शहराच्या विकास आराखड्यात एक मैदान फिरत्या खेळांसाठी कायमचे राखून ठेवावे, माफक भाड्याचे, पाणी आणि संडासाची सोय असलेले. तिथे पुढे ४२ फुटांच्या रिंगणाची पक्की इमारत उभी करावी. सर्कस येईल तेव्हा सर्कस, एरवी वस्त्यांतल्या मुलामुलींसाठी कसरतीची शाळा. शिकवायला तंबूतून निवृत्त झालेली माणसे आणि डोंबारी-कोल्हाटी समाजातले जाणकार घ्यावेत, पगार देऊन. सर्कस कलावंतांना आणि कामगारांना केरळप्रमाणे पेन्शन द्यावी. भीक प्रतिबंधक कायद्यातून ‘खेळ करणे’ हे शब्द काढून टाकावेत. आणि कोणत्याही सर्कस कामगाराला नोंदणीसाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शाळेसाठी लिहिता येईल असा एक कायमचा पत्ता त्या इमारतीचा असावा.

हे सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते आपण करू. तंबू लागला की मुलांना घेऊन जा, तिकीट काढून जा. खेळ संपल्यावर मागच्या राहुट्यांकडे एक फेरी मारा, माणसांची चौकशी करा. दारात डोंबारी आला तर त्याला हुसकावू नका आणि पोरगी दोरावर असेल तर तिच्या शाळेचे विचारा. आम्ही मांजरीतल्या कार्यकर्त्यांनी ठरवले आहे की, आपल्या बाजूला पुढचा तंबू लागेल तेव्हा दोन रविवार तिथे टेबल टाकून बसायचे आणि प्रत्येक कामगाराची नोंदणी करून द्यायची. ज्यांना लिहिता-वाचता येते, अर्ज भरता येतात, अशा तरुण-तरुणींनी आमच्याबरोबर यावे. पत्त्याच्या रकान्यात सध्या मैदानाचे नाव लिहू.